गुरुवारचा काटा

गुरुवारी आमच्या गावाची लोकसंख्या तिप्पट होते,
म्हणजे चारशेच्या वर जाते,
गुरं मोजली नाहीत तर.

मी लिलावघरातल्या काट्यावर बसते. सव्वीस वर्षं.
फाटक करकरतं, जनावर आत येतं,
पायाखालची फळी जराशी दबते म्हणून बिचकतं,
आणि मी आकडा लिहून घेते.
अकराशे चाळीस पौंड. नऊशे पाच.
माणसांचंही सांगू शकेन अंदाजाने,
पण कुणी विचारत नाही.

हार्लन फोर्कमध्ये पाहण्यासारखं काही नाही.
पाण्याची टाकी, तिच्यावर गावाचं नाव,
शेवटचं अक्षर वाऱ्याने खरवडून नेलेलं.
बंद शाळा. एक पेट्रोलपंप, तिथेच टपाल.
बाकी गवत.
इतकं गवत, की रस्तासुद्धा
अंग चोरून जातो.

लायल ह्रुस्का इथे चाळीस वर्षं बोली पुकारायचा.
फाटलेल्या पोत्यातून मका सांडावा तसे आकडे,
आणि मध्येच, श्वास न तोडता,
कुणाच्या तरी बायकोच्या गुडघ्याची चौकशी.
मग घशात गाठ निघाली.
ओमाहाला जाऊन कापून आला.
आवाज तिकडेच राहिला.

आता गळ्याला निळा रुमाल, खिशात वही, आखूड पेन्सिल.
तरी दर गुरुवारी येतो,
तिसऱ्या बाकावर, खांबाशेजारी.

नवा पोरगा डॅरिक. वाईट नाही.
पण कुणाची भुवई म्हणजे होकार
आणि कुणाला नुसतीच खाज सुटलीय,
हे त्याला अजून कळत नाही.

मार्चमध्ये आर्लिस नोर्डालने आपल्या उरलेल्या गाई आणल्या.
एकवीस.
डाव्या मांडीवर डाग: आडवा पाडलेला चार, खाली रेघ.
तिच्या सासऱ्याच्या बापाचा डाग.
नवरा गेल्याला वर्ष होत आलेलं. मुलगी विमान चालवते,
तिला काय म्हणणार?
आर्लिसने हातमोजे काढले, परत घातले.

पहिलीच आली ती म्हातारी,
उजव्या डोळ्यात फूल पडलेली.
तिला आधी कुणी का सोडलं, देव जाणे.
कत्तलखान्याच्या माणसाने भाव पाडून मागितला
आणि मोबाईल बघत बसला.
डॅरिक तोच आकडा पुन्हा पुन्हा म्हणत राहिला,
गाडी चिखलात रुतून चाक फिरत राहावं तसा.

तेव्हा तिसऱ्या बाकावर पेन्सिल वर गेली.

लायलकडे गुंठाभर गवत नाही.
तो राहतो न्हाव्याच्या जुन्या दुकानावर, दोन खोल्यांत.
सगळ्यांना ठाऊक.
डॅरिकचं तोंड उघडं राहिलं.
पेन्सिल खाली येईना.

मग मागून रस क्विगली खाकरला,
आणि पुढच्या वीस गाईंना
त्याने हात वर केला, शेरमन भावांनी केला,
ज्यांनी यंदा एकही जनावर घ्यायचं नाही असं ठरवलं होतं
त्यांनीसुद्धा केला.
कत्तलखान्याचा माणूस कॉफी प्यायला बाहेर गेला.
मी आकडे लिहीत होते. हात थोडा हलत होता.
दोन ठिकाणी खोडाखोड आहे, अजून दिसते.

ती म्हातारी आता बंद शाळेच्या बेसबॉलच्या मैदानावर चरते.
पंचायतीत यावर ठराव झाला नाही.
कुणी विषयच काढला नाही.
कुंपण कुणी दुरुस्त केलं तेही माहीत नाही,
तार मात्र नवी आहे.

महिन्यातून एकदा लायल तिला दोरीने काट्यावर आणतो.
विकायला नाही.
मी सांगते, नऊशे ऐंशी.
तो वहीत लिहितो, मग तिच्याकडे वळतो
आणि ओठ हलवू लागतो,
झरझर, पूर्वीसारखे,
हजार, हजार दहा, कोण म्हणतं वीस,
आवाज अजिबात नाही.

गाय चांगल्या डोळ्याने त्याच्याकडे बघते.
मी खिडकीतून हळूच म्हणते, वीस.