खिडकीची एक काच

रात्रपाळीहून मी घरी पोचते सव्वासातला.
पाणी जातं साडेसातला.
मधल्या पंधरा मिनिटांत
अंगावरचा वॉर्ड धुऊन काढायचा असतो:
स्पिरिट, आयोडीन,
अकरा नंबरच्या बेडचा खोकला.

विजेचा गिझर होता तेव्हा
त्याचा लाल दिवा विझेपर्यंत
मी मोरीच्या उंबऱ्यावर बसून झोपायचे.
टाकी तापायची, नळ जायचा.

म्हणून इर्शाद मिस्त्री आला,
कांजूरच्या पुलाखालून, सायकलला पाइप बांधून.
देव्हाऱ्याएवढं पांढरं खोकं
त्यानं मोरीच्या भिंतीला टांगलं.
"टाकीच नाही, ताई. साठवायचं काही नाही.
नळ सोडला की आग, बंद केला की विझली."
टिक टिक टिक टिक, भप्प.
काचेआड निळ्या दातांची रांग हसली
आणि दहा मोजायच्या आत
माझ्या सुजलेल्या पायांवर कढत पाणी.
मी रडले थोडी. मोरीत कोण बघतंय.

जाताना तो खिडकीकडे बघून म्हणाला,
"यातली एक काच काढून टाका."
मी म्हटलं, बघू.

विजेचं बिल उतरलं, ते खरं.
पण दीड महिना जाणारा सिलिंडर
आता महिनाही धड काढत नाही,
आणि संपतो तो नेमका
डोळ्यांत साबण गेलेला असताना.
खोक्याच्या पोटात दोन जाडे सेल लागतात,
रिमोटचे चालत नाहीत, बघितलंय.
आम्ही तिसऱ्या मजल्यावर.
खालच्या गोडांब्यांनी मोटर लावली
की आधी पाठ पोळते,
मग धार बारीक होते आणि ज्योतच जाते.
पाइपचा गॅस येणार म्हणून
आमचा रस्ता दोनदा खणला.
दोनदा बुजवला.

जानेवारीत तीन दिवस गारठा पडला,
मुंबईचा, म्हणजे स्वेटरला ऊन दाखवण्यापुरता.
सुधन्वानं मोरीच्या खिडकीला
जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा चिकटवला.
मला सर्दी होते म्हणून. प्रेमानंच.

दुसऱ्या दिवशी हेमांगी आंघोळीला गेली, गुणगुणत.
मी चहा गाळत होते.
गुणगुणणं मध्येच थांबलं,
पाणी मात्र पडतच राहिलं.

असली शांतता मी पगार घेऊन ऐकते.
दोन लाथांत कडी तुटली.
भिंतीला टेकून बसली होती पोर,
"आई, डोकं जड झालंय. झोपू दे ना."
तिला ओढत गॅलरीत आणलं तेव्हा
माझ्या नाकाला साबणाखेरीज
कसलाही वास आला नव्हता.

गळणाऱ्या गॅसला माणसानं मुद्दाम वास दिलाय,
सावध व्हावं म्हणून.
कोंडून जळलेल्या हवेला
तो द्यायचा राहून गेला.

माझ्याच हॉस्पिटलात, माझ्याच ड्यूटीच्या खाटेवर
तिला ऑक्सिजन लागला.
संध्याकाळी तिनं दोन उकडलेली अंडी मागून खाल्ली.
सुधन्वा जिन्यात बसून होता,
हातात तो पुठ्ठा, फेब्रुवारीचं पान वर.
"भंगारात देतो ते खोकं," म्हणाला.
मी हो म्हटलं नाही.
मला माझे पाय आठवत होते.

इर्शाद परत आला.
सांगितलं होतं ना, असं म्हणाला नाही.
खोकं गॅलरीच्या ग्रिलशी, उघड्यावर नेलं,
भिंतीतून फक्त पाणी आत घेतलं.
मग खिडकीची काच सोडवली,
वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिली,
जपून धरा, म्हणाला, कडा लागेल.

आता सव्वासातला बाहेर टिकटिक होते,
कबुतरं दचकून उडतात.
रिकाम्या चौकोनातून वारा येतो:
एक खांदा गार, एक गरम.
सर्दी होते अधूनमधून.

कडी मी परत बसवलेली नाही.