उत्तर तोंडात धरून

माळावर आमची दोनशिक्षकी शाळा,
आटपाडी सोडून नऊ किलोमीटर, गोफणेवस्तीच्या अलीकडं.
ओट्यावर निळं पिंप. त्याची तोटी
मागच्या उन्हाळ्यात कुणीतरी काढून नेली,
भोकात ठोकलेला लाकडी खुंटा आता निघत नाही.
टँकरवाला वरून भरून जातो.
खाली उतारावर सात रोपं:
चार लिंब, दोन शेवगे आणि एक चिंच,
जी बिरूनं चुलत्याच्या मळ्यातून न विचारता आणली.

तांब्यानं नेताना निम्मं पाणी वाटेतच सांडायचं.
धूळ प्यायची, रोपं बघत राहायची.
"बाई, काय करायचं?"
"तुम्हीच बघा," मी म्हटलं.

मला येत होतं.
नळी बुडवायची, तोंडानं ओढायची, खाली सोडायची.
एका वाक्याचं काम.
ते वाक्य मी तीन दिवस
गरम घासासारखं तोंडात फिरवत राहिले.

पहिल्या दिवशी पत्र्याची पन्हळ.
ओट्यावरून निसटली, शंभूच्या घोट्याला लागली.
दुसऱ्या दिवशी साखळी: नऊ पोरं, नऊ तांबे,
या हातातून त्या हातात.
तिसऱ्या पोरापर्यंत बरं चाललं,
मग चौथ्यानं पाचव्याच्या डोक्यावर ओतलं.
कदम गुरुजी खिडकीतून म्हणाले,
"सांगून टाका की हो. दोन धडे राहिलेत अजून."
मी हसले. हसताना ओठ मिटलेलेच ठेवले.

माझे वडील विट्याला पेढीवर हिशेब लिहायचे.
माझी गणितं तेच सोडवायचे, पेन्सिलीनं, फिकट.
मी वरून शाई गिरवायची. दहापैकी दहा.
अजून बँकेत अर्ज भरताना
माझी मान आपोआप मागं वळते,
कुणी उभं आहे का बघायला.
त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली.
माया होती ती. मायाच होती.

तिसऱ्या दिवशी बिरू डाळिंबाच्या बागेतली
ठिबकची काळी नळी ओढत घेऊन आला.
"पाणी वर चढतंय व्हय कधी?" ताहेरा म्हणाली,
"काठ ओलांडायला आधी चढाय लागंल."
"डिझेल चढतंय. चुलता काढतो की, तोंडानं."
ओढलं. नुसता वारा.
परत ओढलं. गाल आत, डोळे बाहेर. वाराच.
सगळे माझ्याकडं बघायला लागले.
मी आभाळाकडं बघितलं.
तिथं एक घार होती, काही कामाची नव्हती.

"फुंक," ताहेरा म्हणाली,
आणि नळीवरून गाल फिरवत गेली, हात, दोन हात.
"हितं वारा लागतोय. हितं बी."
ठिबकची भोकं.
बाभळीचा डिंक लावला, सुटला.
मग ती पळत गेली,
अब्बांच्या पंक्चरच्या टपरीतून
जुन्या ट्यूबच्या पट्ट्या घेऊन आली, ओंजळभर.
पट्ट्या आवळेपर्यंत शाळा सुटून गेली होती.

बिरूनं ओढलं.
एकदम गाल फुगले,
थुंकला, ठसकला, हसला,
आणि नळीच्या टोकातून करंगळीएवढी धार
चिंचेच्या आळ्यात.

दोन लिंब मात्र तोवर वाळले होते.
रोज हजेरी घेताना दारातून दिसतात.
पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर?
हे गणित मला सुटत नाही,
आणि मागं कुणी उभं नाही.

आळं भरलं. काठावरून वाहायला लागलं.
"आता बंद कसं करायचं रं?" कुणीतरी ओरडलं.
मी एक पाऊल पुढं टाकलंही,
पण नऊच्या नऊ पोरं पिंपाकडं तोंड करून,
पाठमोरी, सगळी एकदम बोलत.
मी तिथंच थांबले,
चिखल चपलेत शिरेपर्यंत.