अर्थिंग

जेल रोडला लालवानीच्या दुकानात
सगळे स्पीकर एकदम वाजत असतात,
म्हणजे एकही ऐकू येत नाही.
"भिया, ये लो, बारा इंच, डिक्की हिल जाएगी."
मला डिक्की हलवायची नाही.
डिक्कीत खोकल्याच्या बाटल्या असतात, नमुन्याच्या गोळ्या,
आणि महिन्यातले बावीस दिवस मी:
सिमरोल, भेरूघाट, बडवाह, सनावद, खंडवा,
आणि परत.

अण्णा पायरीवरच थांबलेले.
चौतीस वर्षं मालवा हाऊसच्या यंत्रांपाशी काढली,
आता उजवा कान गेलाय, डाव्यात फक्त जाड आवाज शिरतात.
खोक्यावरचा आकडा त्यांनी चष्मा वर करून वाचला,
"एक हजार वॅट,"
आणि बऱ्याच दिवसांनी हसले.
"हजारात मी तुला देवासपर्यंत बातम्या पोचवून दाखवतो.
सलग किती चालतो ते विचार.
दणका काय, कुणीही देतो."

सलग पन्नास निघाले. पन्नास पुरेत.
पुढच्या दारांना साडेसहा इंची, चिमणीएवढे ट्वीटर वेगळे,
मागे काही नाही; मागे बसतं कोण.
वायरचं भेंडोळं आलं तेव्हा अण्णांनी ब्लेड मागितलं,
एक तार खरवडली.
वर तांबं, आत पांढरं ॲल्युमिनियम.
"अंकल, सब यही लगाते हैं."
"म्हणूनच पेटतात," अण्णा मराठीतच म्हणाले,
आणि लालवानीला ते बरोबर कळलं.

रविवारी सुदामानगरात, घरासमोर,
वसीमनं गाडीच्या जागा उपसून ओट्यावर मांडल्या.
अण्णा खुर्ची टाकून बसले.
बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज.
करंटची वायर डाव्या उंबऱ्यानं,
आवाजाची उजव्या.
"शेजारून नेऊ नकोस, एकीचं दुसरीत उतरतं.
ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांड."

आई गेल्यापासून आम्ही दोघं असेच आहोत घरात.
ते डावीकडच्या खोलीत, मी उजवीकडच्या,
चहाच्या वेळी स्वयंपाकघराच्या दारात काटकोन.
खरखर म्हणून नाही.

संध्याकाळी गाडी चालू केली
आणि स्पीकरमधून एक बारीक शीळ निघाली,
ॲक्सिलरेटर दाबला की वर चढणारी,
सोडला की कण्हत उतरणारी.
वसीम म्हणाला, ॲम्प्लिफायरच खराब.
अण्णा म्हणाले, "कसली शीळ?"
त्यांच्या कानाला ती नव्हतीच.
"करून दाखव."

पंचेचाळीस वर्षांचा मी, भर रस्त्यात,
वडिलांच्या डाव्या कानाशी वाकून: ईंईंईं.
"एवढं वर नको. खाली घे, मला लागेल असं."
मग पार खर्जात घेतलं,
वसीम पाय दाबतोय, इंजिन चढतंय,
त्याच्यामागे मी चढतोय,
समोरच्या गॅलरीत केतकरकाकू वाळवलेले कपडे छातीशी धरून उभ्या.
"पुन्हा."
पुन्हा केलं.
इतक्या जवळून त्यांच्याशी शेवटचं कधी बोललो होतो
ते आठवेना.

"अर्थ लागला नाहीये," अण्णा म्हणाले.

सीटखालचा बोल्ट काढला.
वसीमनं काळी वायर नेटकी आवळलेली होती,
पण रंगावर.
अण्णा गुडघे टेकून बसले, जे ते देवापुढेही बसत नाहीत,
आणि पॉलिश पेपरचा तुकडा घेऊन घासत राहिले,
चंदेरी रंग, त्याखालचा राखाडी, त्याखालचा तांबूस,
मग नुसता पत्रा, उघडा, चकचकीत.
वायर तिथं आवळली.

गाडी चालू. पाय दाबला. काही नाही.
अजून दाबला.
काही नाही, आणि ते काही नाही एवढं स्वच्छ
की वसीमनं स्वतःच्याच कानात बोट घालून पाहिलं.
"गेली?" अण्णांनी मला विचारलं.
"गेली."
माझ्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला.

"काय लावू?"
ते दारावर तळवा पसरून बसले होते,
पत्र्यातून काय येईल त्याची वाट बघत.
"थांब जरा," म्हणाले. "असंच राहू दे."

रात्री जेवताना त्यांच्या नखांत गाडीचा रंग होता.
हात धुवा, मी म्हणालो.
ऐकू गेलं नसावं.
किंवा गेलं असेल.
त्यांनी भात कालवला, आणि माझ्या बाजूला
लोणच्याची बरणी सरकवली.