सहभागी क्रमांक सदतीस

मनामातल्या हॉटेलात, तिसऱ्या मजल्यावर,
गारठा असा की प्राध्यापक मंडळी
परिषदेच्या पिशव्या पोटाशी धरून बसलेली.
बाहेर सप्टेंबर. काचेला बाहेरच्या अंगानं घाम.

दुसरा दिवस, दुपारचं सत्र:
'परदेशी कामगार आणि न वटलेले धनादेश'.
डॉक्टर मुझम्मिल उस्मान, आवाज मऊ,
खार्तुममध्ये शिकलेले, लीड्समध्ये पिकलेले.
पडद्यावर आधीच आभार मानून टाकतात.
त्यात मी, सगळ्यांत खाली,
आडनाव चुकलेलं.

दोन वर्षं दर गुरुवारी
मी त्यांच्यासोबत तुरुंगात जायचे.
एक टेबल, तीन खुर्च्या, पाण्याची बाटली,
तिचं टोपण पहारेकऱ्यानं आधीच काढून घेतलेलं.
मुद्रणाला परवानगी नव्हती. फक्त माझी वही.
ते इंग्रजीत विचारायचे, मी हिंदीत, मराठीत,
कधी आमच्या किनाऱ्यावरच्या हेलात.
समोरून जे येई ते
ओंजळीतून सांडत सांडत
मी इंग्रजीत नेऊन ओतायचे.

सदतिसावा इब्राहीम सोलकर, हर्णैचा.
पराती, शिड्या, ताडपत्र्या पुरवायचा धंदा.
भागीदार एका रात्रीत विमानात बसला,
धनादेशावर सही मात्र याची.
'झालं त्याबद्दल आता काय वाटतं?'
हा प्रश्न यादीत बाविसावा.
तो बराच वेळ नखं बघत राहिला,
मग म्हणाला,
'अंगाशी आलं, बाई.'

आता हे पलीकडे कसं न्यायचं?
यात चूक नाही, गुन्हा नाही,
पाप तर मुळीच नाही.
वारा फिरला, होडी खडकावर गेली,
नाखवा घरी येऊन सांगतो, तेवढंच.
घड्याळात अकरा चाळीस.
दाराबाहेर अजून चौघे उभे.
मी म्हटलं, त्याला पश्चात्ताप होतोय.

आज तो पश्चात्ताप
निळ्या खांबात चढून बसलाय.
व्यक्त करणारे: एकसष्ट टक्के.
सभागृहात पेनं हलतात.
मागून एक बाई विचारतात,
बहुधा कुवेतच्या, चष्मा कपाळावर,
भाषांतराची खात्री कशी केलीत?
डॉक्टर हसून सांगतात,
दोघांनी वेगवेगळं वाचून गुण दिले,
दोघांचा मेळ उत्तम जमला.
जमणारच.
दोघांनी वाचलं ते माझंच इंग्रजी.

माझा हात वर गेला. खरंच गेला.
माईकवाला पोरगा, छातीवर नाव दीपेंद्र,
दोन रांगा अलीकडे पोचला होता,
तेवढ्यात अध्यक्षांनी मनगट दाखवलं.
चहापान.

बहरैनी हलवा चमच्याला सोडत नाही.
खात्यातले एक गृहस्थ, पांढरेशुभ्र,
डॉक्टरांचा हात हातात घेऊन म्हणत होते,
एकसष्ट! यावर तर मसुदाच करता येईल:
पश्चात्ताप दिसला तर शिक्षा कमी.
वर्षअखेरीस निदान पंचवीसएक माणसं
घरी जातील.

सोलकरचे अजून चौदा महिने आहेत.
पिशवीत वही आहे.
पान त्रेचाळीस, कोपऱ्यात चहाचा डाग,
तिथं त्याचे शब्द जसेच्या तसे, देवनागरीत.
या इमारतीत ते वाचू शकणारी
मी एकटीच असावे.
खोटं बोलले असेन तर कुणाचं बुडालं?
खरं बोलले तर कोण कोण बुडतील
ते मात्र बोटांवर मोजता येतं.
आणि तरी त्या माणसाच्या तोंडी
मी एक न बोललेला शब्द घातलाय,
तो आता दोन भाषांत छापला जाईल.

डॉक्टरांनी मला बघितलं, कप ठेवला.
'हात वर होता तुमचा. काय विचारायचं होतं?'
वहीवर माझी बोटं.
म्हटलं, काही नाही,
आडनाव तेवढं दुरुस्त कराल?
त्यांनी लगेच खिशातून पेन काढलं, ओशाळून,
सांगा म्हणाले, एकेक अक्षर.
मी सांगत गेले: क, शे, ळ...
ळ त्यांना काही केल्या लिहिता येईना.