ढवळायचं नाही

रेमेईच्या तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात
परातीएवढी कढई दोन बर्नरवर कशीबशी बसते.
मधला भाग थंड राहतो, म्हणून
दर दोन मिनिटांनी कुणीतरी उठून
तिला पाव फेरा द्यायचा.
आज पाळी नेलोची. तो मोठ्याने मोजतो
आणि मोजता मोजता फुटबॉलवर घसरतो.

बातिस्त उशिरा आला, बंदरावरचा लिलाव उरकून.
हातात निळी क्रेट, वर ओला फडका.
"हे कुणी घेतलं नाही," म्हणाला,
दर शुक्रवारी म्हणतो तसंच.
विनारोसच्या कोळंबीला थेट माद्रिदहून गिऱ्हाईक,
आमच्या वाट्याला काटेरी लाल विंचूमासे,
एका नांगीचे दोन खेकडे,
आणि बोटाएवढी चिल्लर, जिला धड नावंही नाहीत.

मी कल्ले काढले, डोकी धुतली.
लूसियाने वाळकी गोल मिरची तेलात सोडली.
ही तिखट नसतेच. नुसती लाल, नुसती गोड,
तेलात फुगली की जुन्या कपाटासारखा वास येतो,
आत कुणाचा तरी कोट टांगलेला असावा तसा.

"कांदा?" मी विचारलं. झालं!
लूसिया म्हणे, कांद्याने भाताचा लगदा होतो.
नेलो म्हणे, माझी आई घालायची.
रेमेई म्हणाली, तुझी आई तारागोनाची.
यावर कुणाकडेच उत्तर नसतं.
कांदा परत टोपलीत गेला.

मासे उकळले, मग उपसून निराळ्या ताटात.
उरलं ते तांबूस आधण. त्यात भात.
आमच्याकडे या भाताचं नावच आहे 'बाजूला':
मासा बाजूला, भात बाजूला.
मासा विकायचा, म्हणे, आणि ज्यांनी धरला
त्यांनी त्याच्या पाण्यावर जेवायचं.

केशर. मीठ. चव घेऊन पुन्हा मीठ.
तांदूळ एकदा पडला की ढवळायचं नाही.
पळी सिंकमध्ये, हात खिशात.
अठरा मिनिटं.

सहाव्या मिनिटाला बातिस्त म्हणाला,
"सोमवारी बोट तोडतायत."

खिडकीतून कुणाच्या तरी स्कूटरचा आवाज आला आणि गेला.

"पैसे देतात," तो म्हणाला. "वजनावर."

पाच माणसं, दहा हात,
आणि एकालाही धरायला पळी नाही.
नेलो उठला, वेळ झाली नव्हती तरी
कढईला पाव फेरा देऊन उभाच राहिला.
लूसियाने विचारलं, नावाची पाटी?
"मागितली तर देतील."
"मागितलीस?"

बातिस्त वाकला, कान कढईशी नेला.
पाणी आटत आलं होतं,
खालून बारीक तडतड सुरू झाली होती,
कोरड्या वाळूवर कुणी अनवाणी चालावं तशी.
"धरतोय," तो म्हणाला. "गॅस मोठा कर, एक मिनिट."

जेवलो कढईतूनच, लाकडी चमच्यांनी,
ज्याने त्याने आपापल्या समोरचं.
सीमारेषा कुणी आखत नाही, तरी मोडतही नाही.
लसणीचं मलम पांढरंशुभ्र, नाकात झोंबणारं.
शीत न् शीत सुटं.
नेलो तीनदा म्हणाला, सुटं झालंय, सुटं झालंय,
आणि चौथ्यांदा म्हणताना त्याचा आवाज बसला.
मासे ताटात तसेच गार झाले,
तोंडं उघडी, डोळे चुन्यासारखे.

मग खरवड.
एका बाजूला ती सोनेरी आली होती,
दुसऱ्या बाजूला काळी ठिक्कर:
नेलोचा हिशेब तिथेच कुठेतरी चुकला होता.
"करपलेलं माझं," बातिस्त म्हणाला
आणि कुणी हो-नाही म्हणायच्या आत
चमचा उलटा धरून खरवडायला लागला.
तो आवाज खालच्या मजल्यावर गेला असणार.
म्हातारीने छताला काठी मारली नाही, एवढंच.

जाताना रेमेई म्हणाली, क्रेट विसरलास.
"राहू दे."
तिच्या कडेवर बोटीचा नंबर आहे, पांढऱ्या रंगात,
चारातला एक आकडा अर्धा उडालेला.

अजून आहे ती तिच्या दाराआड.
रेमेई तिच्यात कांदे ठेवते.