तबकडीच्या आतल्या कडेला

आमच्या गावात नदी आहे, चुनखडीची खाण आहे,
आणि तबकड्या छापणारा कारखाना.
प्रागहून येणारी बस त्याच्या फाटकाशीच वळते.
रात्रपाळीला, शंभरातली एक,
लिबुशे हाव्रान्कोवाच्या टेबलावर येते.
ती हेडफोन चढवते, डोळे मिटते
आणि कुणीतरी जिंकतं.

सोमवारी ब्राझीलचे पितळी बाजेवाले.
मंगळवारी फिनलंडची केसाळ पोरं,
गिटारीच्या करवतीने हिवाळा कापत निघालेली.
मग अटलांटाच्या चर्चमधल्या बायका,
टाळीवर टाळी, मरणालाच उंबऱ्याबाहेर हुसकणाऱ्या.
मग मार्सेचा एक पोरगा,
आईला घर घेतलं हे त्याने
चौदा गाण्यांत चौदा वेळा सांगितलं.
"घेऊ दे की," लिबुशे म्हणते,
"तिसऱ्या गाण्यात खरखर आहे. साचा बदला."

मी नवा होतो तेव्हा तिने हातात भिंग दिलं.
"बघ. बाहेरची खाच ऐसपैस,
सुईला पळायला रान मोकळं.
आत येशील तसा फेरा आवळत जातो.
बोलायचं तेवढंच, वेळही तेवढाच,
जागा मात्र मुठीएवढी.
आणि ही शहाणी माणसं
सगळे ढोल, सगळे कर्णे, चाळीस गळे
ठेवतात कुठे?
शेवटाला. जिथे मावत नाही तिथे."

तेव्हापासून कुठलाही विजय ऐकताना
माझा जीव कडेला येऊन बसतो.
कधी फुटतोच आवाज. 'स'वर थुंकी उडते,
झांजा पत्र्यासारख्या वाजतात.
लिबुशे तेवढं चालवून घेते.
"दमलाय," म्हणते. "दमलेला चालतो."

मागच्या अंगणात चक्की आहे.
न खपलेलं, बिघडलेलं तिथे दळतात.
एका नोव्हेंबरात ट्रक भरभरून आली
पोलादाची, ट्रॅक्टरची, अमर मैत्रीची कूचगीतं;
मधला गोल कागद तेवढा
ठोकून काढायचा होता.
सहा दिवस लिबुशेने तेच केलं.
त्या तबकड्याही तिनेच तपासलेल्या, तरुण कानांनी.
खरखर कुठेच नव्हती.

त्याच काळ्या दाण्यांतून वसंतात
चार पोरांची तबकडी निघाली,
जी तळघरात वाजवायची आणि कोठडीत झोपायची.
मी विचारलं, पहिल्यांदा ऐकताना कसं वाटलं?
"दुसऱ्या बाजूला, आठव्या मिनिटाला, बुडबुडा होता.
तीनशे परत चक्कीत घातल्या."
मग पावाचा तुकडा सूपमध्ये बुडवून, बराच वेळाने:
"एक घरी नेली. बुडबुड्याची."

या हिवाळ्यात तिच्या डाव्या कानाचे
वरचे सूर गेले.
बेरोउनच्या डॉक्टरने आलेख काढून दिला,
उजवीकडे उतरत जाणारा, घसरगुंडीसारखा.
ऑफिसात कुणाला माहीत नाही.
मी खुर्ची तिच्या डावीकडे ओढतो,
एका हेडफोनची एक वाटी माझ्या कानाला.
झांजा माझ्या, बाकी सगळं तिचं.

काल रात्री डाकारच्या कोळणींचा कोरस होता,
वादळातून होड्या परत आल्याचा.
शेवटच्या फेऱ्यात आवाज इतका दाटला
की मी सुई उचलायला हात पुढे केला.
तिने मनगट धरलं.
गाणं संपलं. रिकामी खाच फिरत राहिली.
टक. टक. टक.
ती ऐकतच होती,
जशी बंदरावर कुणी
अजून एखादी होडी मोजायची राहिली असावी.

मग चिठ्ठीवर शिक्का मारला,
बुटांच्या नाड्या बांधल्या,
आणि पाच चाळीसची बस चुकली म्हणून
मला, बसला आणि नगरपालिकेला
यथेच्छ शिव्या दिल्या.