तीन ताट्या

वाळ्याच्या तीन ताट्या मी मार्चमध्ये आणल्या,
होळीच्या आदल्या गुरुवारी,
आणि दाराआड ठेवल्या, दोरी न सोडता.
आज सत्तावीस मे. भुसावळ शेहेचाळीस पॉइंट दोन.
कूलर खिडकीत आहे,
त्याच्या पोटात मागल्या सालचं खडखडीत गवत
आणि एका चिमणीचं अर्धं घर.
तिनंही अर्ध्यावर सोडलं.
बरं वाटलं मला.

काम वीस मिनिटांचं.
मागची झडप काढायची, जुनं गवत झटकायचं,
टाकीतला क्षार खरवडायचा, तारा दुमडायच्या.
रात्री दोनला मनात हे इतक्यांदा केलंय
की हातांवर तारेचे ओरखडे हवे होते.
हात स्वच्छ आहेत.

आळशी म्हणतात. म्हणोत.
आळशी माणसाला झोप तरी लागते.
मी ओल्या टॉवेलखाली टक्क जागी,
खाटेवरून म्हणते, ऊठ.
आवाज पोचतो. पाय ऐकतात.
आणि कोणी उठत नाही.

गाडी आउटरला उभी राहते ना, तसं.
स्टेशनचे दिवे दिसतायत,
लोक सामान घेऊन दारात दाटलेत,
घरून कुणीतरी भरीत झाकून ठेवल्याचा फोनही येऊन गेला,
इंजिन चालू, ड्रायव्हर शुद्धीवर,
कुणाचा काही गुन्हा नाही
आणि गाडी उभी.

त्याच आउटरला माझं मागेपुढे बरंच उभं आहे.
घरपट्टी. दाढ.
मीनलच्या बाळाला पाठवायचं झबलं,
बाळ आता दुसरीत आहे.
फैजपूरच्या आत्याला उलटा फोन करायचाय;
त्याला इतका उशीर झाला
की आधी उशिराचं कारण शोधायला हवं,
आणि ते शोधणं मी उद्यावर टाकलंय.

आज दुपारी शेजारचे उखर्डू तडवी
लिंबं मागायला आले.
एकोणतीस वर्षं यार्डात शंटिंगला होते.
त्यांनी ताट्या पाहिल्या, मग मला.
"काय करून राह्यली व?"
"काहीच नाही," मी म्हटलं,
दिवसभरात बोललेलं तेवढंच खरं.
वाटलं, आता सांगतील, वेळापत्रक कर.
(केलंय. रंगीत पेनं आणण्यात एक शनिवार गेला.)
किंवा म्हणतील, दे इकडे, मी लावतो.
त्याची तर जास्त भीती.

त्यांनी स्टूल ओढलं, खिशातून अडकित्ता काढला.
"मी बसतो. तू कर, नाही तं नको करू."
आणि जरा वेळानं, सुपारीकडे पाहतच,
"इंजिन काही मी ढकललं नाही व पोरी कधी.
बाजूले उभं राह्याचं, झेंडी धरून.
तेवढं लागे त्याले."

कट्. कट्.
माझ्याकडे बघितलंही नाही.
मी दोरी सोडली. फक्त दोरी.
मग सुटलीच आहे तर झडप,
मग झडप हातात घेऊन किती वेळ उभं राहणार.
चिमणीचं घर अलगद कुंडीत ठेवण्यात पंधरा मिनिटं गेली,
ते कामात नव्हतंच.
ते काही बोलले नाहीत. कट्.

एक ताटी बसली. दुसरी तिरपी, पण बसली.
तिसरी उचलली तेव्हा मगरीबची अजान झाली,
ते गुडघ्यावर हात टेकून उठले, गेले,
आणि माझे हात तिथल्या तिथे थांबले.

आता रात्रीचे अकरा.
कूलर घरघरतोय.
दोन बाजूंनी वाळ्याचा गार वास,
तिसरीकडून सरळ सातपुड्याची झळ.
तिसरी ताटी दाराआड, दोरी नसलेली.

आत्ता आठवलं,
ते लिंबं मागायला आले होते
आणि रिकाम्या हातांनी गेले.
सहा लिंबं पिशवीत बांधून कडीला अडकवलीत.
सातवं उजव्या चपलेत ठेवलंय,
सकाळी पाय घालताना
टोचेल.